होडीवाल्याचं काय झालं

शिवणयंत्र बिघडलं की आमच्याकडे मिस्त्रिणीला बोलावतात. कपड्यांच्या कारखान्यात साठ मशीनं आहेत आणि त्या साठांची नाडी तिच्या हातात आहे. दारातून आत येतानाच तिला ऐकू येतं की तिसऱ्या रांगेतलं एक मशीन टाका सोडतंय. ती जमिनीवर बसते, शटल काढून फुंकर मारते, चाक बोटानं अर्धा फेरा फिरवते आणि म्हणते, "सुई वाकडी आहे. उगाच मशीनला शिव्या देऊ नका." वय चोपन्न. लग्न केलं नाही. घरात ती आणि तिची आई, दोघीच.

माझी बेकरी तिच्या घरापासून चार दुकानं सोडून. गेली वीस वर्षं ती माझ्याकडून पाव नेते. त्यातली अकरा वर्षं ती दर रविवारी दुपारी बेकरीच्या मागच्या खोलीतही यायची, आणि पुढची आठ वर्षं तिनं त्या खोलीच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. का, ते सांगतो.

मागच्या खोलीत आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. मिस्त्रीण, तिचा धाकटा भाऊ, जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढणारा आमचा एक मित्र, आणि मी. रविवारी भट्टी बंद असायची, पण भिंत संध्याकाळपर्यंत ऊबदार राहायची. कणीक मळायच्या लांब टेबलाभोवती बसायचं. टेबलाच्या फटींमध्ये पीठ असायचं, त्यामुळे फासे टाकले की पांढरे होऊन निघायचे.

खेळ गोष्टीचा. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सूत्रधार म्हणतो, समोर दार आहे, बाहेरून कुलूप आहे, आतून कुणीतरी खोकतंय, काय करता? मग आपण काय करतो ते आपण सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर जमलं. एवढंच. पण ही गोष्ट एका बैठकीत संपत नाही. आमची अकरा वर्षं चालली.

सूत्रधार अर्थातच नकाशावाला. त्यानं त्या गोष्टीतल्या मुलखाचा नकाशा काढला होता, कचेरीतल्या नकाशांपेक्षा जास्त मन लावून. मिस्त्रीण कुलपं उघडणारी होती. मी सैनिक होतो, भित्रा. तसं ठरवलं नव्हतं, होत होत झालो. आणि धाकटा होता होडीवाला.

धाकटा टेलिफोनच्या तारा जोडायचा. दिवसभर शिडीवर. बहिणीपेक्षा अकरा वर्षांनी लहान, त्यामुळे तिनं त्याला कडेवर वाढवलेलं. हा खेळ त्यानंच आणला, नियमांच्या झेरॉक्स काढलेल्या पानांचा एक गठ्ठा घेऊन. खेळात कुणी घाई करायला लागलं की त्याचा होडीवाला म्हणायचा, "दम खा, दम खा. नदी कुठं पळून जात नाही." तो हे इतक्या संथपणे म्हणायचा की खरोखरच मागे टेकून बसावंसं वाटायचं.

चौतिसाव्या वर्षी त्याला मेंदूचा ताप आला. नऊ दिवस दवाखान्यात होता. दहाव्या दिवशी नव्हता.

तीन महिने आम्ही खेळलो नाही. मग एका रविवारी मिस्त्रीण स्वतःच आली, आपल्या नेहमीच्या जागी बसली आणि नकाशावाल्याला म्हणाली, "होडीवाला कुठं आहे?"

नकाशावाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"काठावर आहे," तो म्हणाला. "दोर वळतोय."

"मी त्याच्याकडे जाते. त्याला म्हणते, बरा आहेस ना?"

आता सूत्रधारानं होडीवाल्याचं उत्तर द्यायचं होतं. दुसरं कोण देणार? नकाशावाला म्हणाला, "दम खा, दम खा. बरा आहे मी."

त्यानं मुद्दाम नक्कल केली नव्हती. पण इतकी वर्षं शेजारी बसलेल्या माणसाचा सूर तोंडात बसलेला असतो, तो आपोआप आला. माझ्या अंगावर काटा आला. मिस्त्रिणीच्या चेहऱ्यावर मात्र तीन महिन्यांत पहिल्यांदा रंग आला.

त्यानंतर दर रविवारी तेच. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर ती होडीवाल्याशी बोलायची. कारखान्यात काय झालं, आईचा गुडघा कसा आहे, त्याच्या सायकलीचं काय करायचं. गोष्ट जागच्या जागी थांबली. माझा सैनिक एका पुलावर पाच महिने उभा होता. मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

मग एका रविवारी नकाशावाला आला तोच मुळी कसनुसा. त्यानं आपला पुठ्ठ्याचा आडोसा टेबलावर उभा केला. सूत्रधाराचे कागद आणि फासे त्या आडोशामागे असायचे, आम्हाला दिसायचे नाहीत. तो म्हणाला, वरच्या डोंगरात बांध फुटलाय, नदीला लोंढा येतोय. मिस्त्रीण म्हणाली, "मी धावत काठावर जाते." आडोशामागे फासा गडगडला. नकाशावाला त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"होडी उलटली," तो म्हणाला. "होडीवाला गेला."

आपले फासे मिस्त्रिणीनं एकेक उचलून पिशवीत टाकले, नाडी आवळली आणि निघून गेली. महिन्याभरात नकाशावाल्यानं बदली मागून घेतली आणि तो शहरात गेला. पत्र नाही, फोन नाही. मागच्या खोलीत मी मैद्याची पोती ठेवायला लागलो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं शहरातून मोबाइलवर एका जाहिरातीचा फोटो पाठवला. टेबलावरच्या खेळांचा दोन दिवसांचा मेळावा, शंभर टेबलं, कुणीही यावं. खाली बारीक अक्षरात सूत्रधारांची यादी. एकतीस नंबरच्या टेबलापुढे नकाशावाल्याचं नाव होतं. पाव बांधताना मी तो फोन मिस्त्रिणीपुढे धरला. खरं तर धरावा की नाही याचा दोन दिवस विचार केला होता.

तिनं वाचलं. पाव पिशवीत ठेवला. म्हणाली, "मला त्याला एक विचारायचंय."

"काय?"

"फासा खरंच पडला होता, की त्यानंच ठरवलं होतं."

आठ वर्षं तिच्या मनात एवढा एकच प्रश्न होता. मला वाटायचं ती भावाच्या दुःखात आहे. ती होतीच, पण या प्रश्नाचं कुसळही सोबत होतं.

कारखान्यात तिनं सांगितलं की सुया आणि शटल आणायला शहरात जातेय. आईलाही तेच सांगितलं. बस चार तासांची. पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं, थोडं थोडं करून, गिऱ्हाईक नसेल तेव्हा.

शहरात उतरल्यावर ती आधी खरोखरच सुया घ्यायला गेली, कारण खोटं बोलल्याचं ओझं तिला सहन होत नाही. मग पत्ता विचारत खेळांच्या दुकानात. तीन मजल्यांचं दुकान. इतकी वर्षं जे खेळ तिनं फक्त चित्रात पाहिले होते, ते भिंती भरभरून रचलेले. खिडकीशी काचेच्या बरण्या, गोळ्या-बिस्किटांच्या असतात तशा, आणि त्यात फासे. लाकडाचे, हाडाचे, काचेचे, आत फुलाची पाकळी असलेले. आठ वर्षं तिनं फाशाला हात लावला नव्हता. ती त्या बरण्यांपुढे इतका वेळ उभी राहिली की दुकानातली मुलगी जवळ आली.

"कुणासाठी घेताय, काकू? नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

मुलगी ओशाळली. मिस्त्रिणीनं एक साधा काळा फासा निवडला. हातात घोळवून, कानाशी धरून, कडा अंगठ्यानं तपासून. तिची सवयच ती. म्हणाली, "बाकीचे दिसायला चांगले आहेत. हा नीट पडेल."

मेळावा बस दुरुस्तीच्या एका जुन्या गॅरेजात होता. जमिनीवर अजून तेलाचे डाग होते. शंभर टेबलं, त्यांवर झुकलेली माणसं, आणि फाशांचा आवाज. तिला वाटलं, आपल्या कारखान्यातली सगळी मशीनं एकदम चालू आहेत. एकीकडे आजोबा-नात ठोकळे रचत होते. एकीकडे सहा माणसं हसून हसून खुर्चीवरून पडायला आली होती. आपल्या गावी या छंदाबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. लोक म्हणाले असते, या वयात कसले फासे. आणि इथे तिच्याच वयाच्या बायका चष्मे सावरत नकाशावर वाद घालत होत्या. ती सांगते, "मला रडू आलं असतं, पण कामासाठी आले होते."

एकतीस नंबरच्या टेबलावरून ती दोनदा नुसती पुढे निघून गेली. सूत्रधाराची खुर्ची अजून रिकामीच होती. मग दारातल्या मुलीकडे जाऊन तिनं नाव लिहिलं. तिथं एकच जागा उरली होती.

टेबलाशी एक नर्स होती, एक टॅक्सीचालक होता आणि एक कॉलेजातली मुलगी. नकाशावाला उशिरा आला, काखेत नकाशांची गुंडाळी. केस गेलेले, खांदे पुढे झुकलेले. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, त्या नमस्कारात तिच्यापर्यंत आला आणि थांबला. मग त्यानं नकाशा पसरला तो उलटा. नर्सनं तो सुलटा केला.

त्यानं एकेकाला विचारलं, तुम्ही कोण? नर्स म्हणाली, मी दरोडेखोर. टॅक्सीवाला म्हणाला, राजपुत्र. पाळी मिस्त्रिणीवर आली.

"मी धोबीण. नदीवर कपडे धुते."

"इथं नदी नाही," नकाशावाला म्हणाला. "विहीर आहे. चालेल?"

"चालेल."

"हत्यार काय तुमच्याकडे?"

"साबण."

बाकीचे हसले. तो हसला नाही. 'तुमच्याकडे' म्हणाला हेही तिच्या लक्षात आलं. शाळेपासून तो तिला अगं-तुगं करत आलेला.

दीड तास खेळ झाला. त्याला अजूनही गोष्ट सांगता येत होती. जुन्या किल्ल्यात चार माणसं अडकली आहेत आणि त्यांतला एक खोटं बोलतोय, अशी काहीतरी गोष्ट. पण एक बदल झाला होता. पुठ्ठ्याचा आडोसा नव्हता. तो प्रत्येक फासा टेबलाच्या मधोमध टाकायचा आणि आकडा सगळ्यांनी पाहिल्याशिवाय उचलायचा नाही. कॉलेजातली मुलगी म्हणालीसुद्धा, "काका, दुसरे सूत्रधार लपवून टाकतात. मजा येते त्यात."

"मी नाही टाकत," तो म्हणाला.

मध्ये चहाची सुट्टी झाली. गॅरेजच्या मागे लोखंडी जिना होता. कागदी पेले घेऊन दोघं त्या जिन्यावर जाऊन बसले, तो एक पायरी खाली.

"आई कशी आहे?" त्यानं विचारलं.

"गुडघे गेलेत. बाकी ठणठणीत."

"बरं."

"त्या दिवशी फासा काय पडला होता?" तिनं विचारलं. गावाकडच्या, बेकरीच्या, त्याच्या तब्येतीच्या चौकशा तिला करायच्याच नव्हत्या.

त्यानं पेला पायरीवर ठेवला. "सतरा."

सतरा म्हणजे चांगला आकडा. सतराला होडी तरते.

"म्हणजे वाचत होता तो."

"वाचत होता."

"आणि तू मारलंस त्याला."

"हो."

ती म्हणते, मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण ती नुसती म्हणाली, "का रे?"

मग त्यानं सांगितलं. एका रविवारी ती चष्मा घरी विसरली होती. आई तो द्यायला बेकरीत आली. मी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होतो, म्हणून आई सरळ मागच्या दारापाशी गेली. आत नकाशावाला होडीवाल्याच्या आवाजात म्हणत होता, दम खा, आईला सांग माझी सायकल विकू नको. आई दाराआड उभी राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. मग चष्मा माझ्या गल्ल्यावर ठेवून निघून गेली. चष्मा ठेवलेला मला आठवतो. तिचा चेहरा मी पाहिला नाही, ही माझी चूक.

दुसऱ्या दिवशी आई मोजणीच्या कचेरीत गेली. नकाशावाल्याच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बाबा, माझा मुलगा गेला. तू त्याला दर रविवारी नवी वाक्यं का देतोस? ही घरी येते आणि मला सांगते, आज तो असं म्हणाला, तसं म्हणाला. मी काय करू? हो म्हणू? त्याला जाऊ दे आता. आणि मी आले होते हे तिला सांगू नकोस."

"आईला शब्द दिला होता," नकाशावाला म्हणाला. "पण सगळं आईवर ढकलत नाही मी. मलाही सुटायचं होतं. शुक्रवारपासूनच रविवार नको वाटायचा. तो माझाही मित्र होता गं. त्याच्या तोंडी शब्द घालताना वाटायचं, आपण त्याचे कपडे घालून फिरतोय."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

तिनं विचार केला. खोटं तिला बोलता येत नाही. "नसते म्हणाले."

"मग?"

"तरी विचारायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

खाली रस्त्यावर कुणीतरी ट्रकमधून काचा उतरवत होतं आणि दुसरा ओरडत होता, हळू, हळू. दोघं ते पाहत बसले. मग नकाशावाला म्हणाला, "मिस्त्रीण, गोष्ट आहे ती. होडी उलटली, पण त्याला बुडताना कुणी पाहिलेलं नाही. तू म्हणालीस तर आत्ता आत जाऊन सांगतो, तो खाली कुठंतरी काठाला लागला म्हणून. सतरा पडला होता, तुझा हक्कच आहे तो."

हे तिनं मला सांगितलं तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं, बिस्किटं घेऊन गेलं.

"मग काय म्हणालीस?" मी विचारलं.

"नको म्हणाले. म्हटलं, गेला तो. राहू दे आता."

आत जाऊन त्यांनी उरलेला खेळ पुरा केला. खोटं बोलणारा राजपुत्र निघाला. धोबिणीनं त्याला साबणाच्या पाण्यावर पाडलं. तिच्या काळ्या फाशावर एकोणीस आला आणि सगळं टेबल ओरडलं. निघताना नकाशावाला फाटकापर्यंत आला. ती म्हणाली, "ये कधीतरी." तो म्हणाला, "बोलावलंस तर येईन." तिनं त्याला माफ केलं का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, माहीत नाही, राग शोधला तर सापडत नाही एवढं खरं. गेल्या हिवाळ्यात तो एकदा येऊन गेला. मैद्याची पोती मी हलवली होती. आम्ही तिघं बसलो, पण खेळलो नाही, नुसत्या गप्पा मारल्या.

पण मला सांगायचं आहे ते ती मेळाव्याहून परतली त्या संध्याकाळचं. बस साडेसहाला पोचली. आई दिवा लावून उशीचा अभ्रा शिवत बसली होती, हातानं. मशीनच्या मिस्त्रिणीची आई, आणि मशीनला कधी हात लावणार नाही.

मिस्त्रिणीनं पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आई, तू मोजणीच्या कचेरीत गेली होतीस?"

आईची सुई थांबली. "भेटला वाटतं तुला तो."

"गेली होतीस का?"

"गेले होते." आईनं दोरा दातानं तोडला. "तू दर रविवारी हसत घरी यायचीस. आणि सोमवारी बघावं तर उशी ओली. मला वाटलं, एकदाच काय ते रडून होऊ दे. तू तर आठ वर्षं बोललीच नाहीस त्याच्याबद्दल. तेही चुकलंच माझं."

मिस्त्रीण तिच्याजवळ जमिनीवर बसली. बोलायचं ठरवलेलं सगळं बसमध्येच संपलं होतं. आईनं अभ्रा बाजूला ठेवला. मग आई हळूच म्हणाली, "त्या दिवशी दाराआडून नीट ऐकू आलं नाही मला. सायकलीचं काय म्हणत होता गं तो?"

"तो नव्हता, आई. नकाशावाला होता तो."

"ते कळतं मला. काय म्हणत होता?"

मिस्त्रिणीनं सांगितलं. मग आईनं विचारलं, ही होडी कुठली, त्याला होडी कुणी दिली? त्यासाठी आणखी मागचं सांगावं लागलं. मग अगदी पहिल्या रविवारपासून. ते सगळं एका संध्याकाळीत होणारं नव्हतं. आता रोज कामावरून आल्यावर दोघी बसतात आणि मिस्त्रीण गोष्ट पुढे नेते, अकरा वर्षांची. माझा सैनिक किती भित्रा होता हे आता आईला पाठ आहे, पाव घ्यायला आली की मला टोमणे मारते. लोंढ्यापर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत. पोचणार, हे दोघींना ठाऊक आहे, आणि दोघींना त्याची घाई नाही.

कधी कधी सांगता सांगता मिस्त्रीण होडीवाल्याचं एखादं वाक्य विसरते आणि पदरचं काहीतरी घालते. आई लगेच हात वर करते. "छे," म्हणते, "तो असं नाही म्हणणार. मी सांगते तो काय म्हणाला असेल."

आणि सांगते.